आयता पाठ नको, कच्चा माल शोधा

‘इयत्ता तिसरी परिसर अभ्यास टाचण पीडीएफ डाउनलोड.’ गुरुजी, हे शोधणं बंद करा. मॅडम, तुम्हीही. या शब्दांनी जे हाती लागतं ते तुमच्या वर्गासाठी कुणी लिहिलेलंच नसतं. ते ज्या पानावर असतं ते पान जाहिरातींसाठी उभं केलेलं असतं. त्यावर दोन-तीन ‘डाउनलोड’ बटणं असतात, त्यातली बहुतेक भलतीकडे नेतात, आणि शेवटी जे टाचण उतरतं ते सावंतवाडीच्या शाळेलाही तेच आणि भातकुलीच्या शाळेलाही तेच.

याहून वाईट गत वर्णनात्मक नोंदींची. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. शिक्षकाने एकेक मूल पाहावं, त्याला काय जमतं, कुठे अडतं ते आपल्या शब्दांत लिहावं, ही त्यामागची अपेक्षा. आता सत्र संपत आलं की तयार वाक्यांचा गठ्ठा शोधून उतरवला जातो आणि पट वरून खाली भरला जातो. जी पोरगी दिवाळीपर्यंत गणिताच्या तासाला तोंड उघडत नव्हती आणि दिवाळीनंतर एकदम भागाकार करायला लागली, तिच्या नावापुढेही ‘वर्गकार्यात उत्साहाने भाग घेते’. तिची ती उडी जगातल्या कुठल्याच पानावर सापडणार नाही. ती तिच्या शिक्षकाने पाहिली आहे आणि त्यानेच लिहायला हवी.

शिक्षकांना झोडपणं सोपं आहे म्हणून लगेच दुसरी बाजूही मांडतो. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणारा माणूस सकाळी परिपाठ घेतो, दुपारी पोषण आहाराची नोंद करतो, मधल्या वेळेत ‘आजच्या आज’ अशी ताकीद आलेली माहिती ऑनलाइन भरतो. त्याने आयतं शोधलं तर तो आळशी ठरत नाही, दमलेला ठरतो. पण इतक्या वर्षांच्या प्रशिक्षणांत ॲप कसं उतरवायचं, नोंदणी कशी करायची, प्रमाणपत्र कसं काढायचं हे सगळं शिकवलं गेलं. शोधायचं कसं, यावर एक धड तास कुणी घेतला का? माझा राग तिथे आहे. शोधणं हे अध्यापनाचं कौशल्य आहे, फळ्यावर नीट लिहिण्याइतकंच.

आणि या कौशल्याचं मर्म एवढंच की तयार पाठ शोधू नका, पाठाचा कच्चा माल शोधा. नकाशा, आकडा, फोटो, जुना कागद, प्रयोगाची कृती, गोष्ट. पाठ तुम्हीच बांधा, कारण समोर बसलेली पोरं तुम्हालाच ठाऊक आहेत.

भातकुलीचंच उदाहरण घेऊ. पाण्याचा धडा आहे. पुस्तकात विहीर आहे, नदी आहे, पावसाचं चक्र आहे. वर्गातलं पोरगं विचारतं, “सर, आपल्या हिरीचं पाणी खारं काहून लागते?” हा प्रश्न कुठल्याही टाचणात नाही. अमरावती जिल्ह्यातलं भातकुली खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांमधून हा पट्टा पसरला आहे. इथल्या जमिनीखालचं पाणी खारट. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि हेच पाणी वर्षानुवर्षं शेताला दिलं तर काळी जमीन चोपण होते. त्या पोराच्या घरातला, शेतातला, आईच्या चुलीवरचा हा प्रश्न आहे. उत्तर शोधायचं कसं?

‘खारं पाणी’ टाकलं तर समुद्र येतो. भातकुलीत समुद्राचं काय करायचं? ‘खारपाणपट्टा’ टाकलं की वर्तमानपत्रांच्या बातम्या येतात. त्यांत तक्रार असते, आश्वासन असतं, कारण क्वचित असतं. आता जरा थांबून विचार करायचा. या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवणारा माणूस कोण असेल? भूजलाचा अभ्यास करणारा, मातीचा अभ्यास करणारा. तो ‘खारं’ लिहिणार नाही, ‘क्षारता’ लिहील. ‘पट्टा’ऐवजी ‘पूर्णा खोरे’ लिहील. म्हणजे ‘पूर्णा खोरे भूजल क्षारता’. उत्तर लिहिणाऱ्याच्या तोंडचा शब्द टाकला की दार उघडतं. तोच शब्द इंग्रजीतही टाकून पाहायचा, कारण सरकारी शास्त्रज्ञांचे अहवाल इंग्रजीत असतात. सॅलिनिटी, ग्राउंडवॉटर, पूर्णा, अमरावती.

यानंतर कुंपण घालायचं. शोधपट्टीत इंग्रजीत ‘साइट’ लिहायचं, त्याला चिकटून कोलन, आणि कोलनला चिकटून संकेतस्थळाचं नाव. मध्ये जागा सोडायची नाही. नावाच्या जागी नुसतं ‘जीओव्ही डॉट इन’ लिहिलं तरी शोध सरकारी संकेतस्थळांपुरता राहतो. त्यापुढे ‘फाइलटाइप’, कोलन, ‘पीडीएफ’ जोडलं की अहवाल तेवढे उरतात. केंद्रीय भूजल मंडळाने अमरावती जिल्ह्याच्या भूजलाची माहिती पुस्तिकेच्या रूपात काढलेली आहे. ती अशाने हाताशी येते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातलं खारपाणपट्ट्याच्या जमिनींवरचं काम शोधायलाही हीच रीत. विद्यापीठ १९६९ पासून आहे, आणि या मातीचा इतका जवळून अभ्यास दुसरं कोण करणार?

अहवाल पोरांना वाचून दाखवायचा नाही. त्यातला नकाशा काढायचा, आपला तालुका कुठे येतो ते त्यांना बोटाने दाखवू द्यायचं. मग शाळेजवळच्या विहिरीचं पाणी एका ताटलीत, नळयोजनेचं पाणी दुसऱ्या ताटलीत, दोन्ही उन्हात. पाणी उडून गेल्यावर कोणत्या ताटलीत किती पांढरी साय राहिली ते पोरं स्वतः पाहतील. हा पाठ पुण्याच्या कुठल्याही ब्लॉगवर मिळणार नाही, आणि भातकुलीच्या पोराला तो जन्मभर पुरेल.

याच शोधात एक खाच आहे. वर्तमानपत्रं ‘खारपाण’ लिहितात आणि ‘खारपान’ही लिहितात. दोन्ही रूपं टाकायची, मध्ये मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘ओआर’. ‘वऱ्हाड’चं तर त्याहून अवघड. यातला अर्धा र संगणकात दोन निरनिराळ्या तऱ्हेने टंकता येतो; डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. तिसरं रूप ‘वर्हाड’, घाईत टंकलेलं. ‘पऱ्हाटी’ची तीच कथा. लांबलचक पानात एखादा शब्द हुडकताना ‘सापडला नाही’ असं आलं, तरी शब्द तिथे असू शकतो. ज्यात अर्धा र नाही असा जवळचा शब्द टाका. पऱ्हाटी नाही मिळाली तर ‘बोंड’ शोधा, ‘सरकी’ शोधा.

जिल्ह्याच्या नावाचा गोंधळ आणखी मोठा. आंध्र प्रदेशाच्या अमरावतीची राजधानी म्हणून पायाभरणी ऑक्टोबर २०१५ मध्ये झाली आणि तेव्हापासून इंग्रजीत अमरावती शोधलं की कृष्णाकाठच्या इमारती समोर येतात. उपाय साधा आहे. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह, चिकटवून. अमरावती, मग वजा-आंध्र. किंवा पलटून, ‘विदर्भ’ हा शब्द जोडायचा. नेमकं नाव हवं असेल तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचं, म्हणजे शोधयंत्र त्या शब्दांची मोडतोड करत नाही.

जुन्या इतिहासात शिरायचं तर आजची नावं विसरावी लागतात. इंग्रजांच्या कागदांत आपला जिल्हा ‘अमरावती’ या स्पेलिंगने नाही, ‘अम्राओटी’ वाचावं अशा स्पेलिंगने आहे. आपला प्रांत ‘बेरार’. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं, तेव्हापासून १९०३ पर्यंत सरकारी कागदांवर त्याचं नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. हे नाव माहीत नसेल तर पन्नास वर्षांचं वऱ्हाड तुम्हाला सापडणारच नाही! आल्फ्रेड लायल याने १८७० मध्ये वऱ्हाडाचं गॅझेटियर काढलं, त्याच्या नावावर हेच लांबलचक बिरूद आहे. अमरावती जिल्ह्याचं गॅझेटियर १९११ चं. अशी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर आणि राज्याच्या गॅझेटियर विभागाच्या स्थळावर शोधावीत. कापसाच्या धड्याला लिव्हरपूलच्या बाजाराची गोष्ट जोडायची असेल तर ‘उमरा’ शोधा. अमरावतीचा कापूस परदेशी व्यापारात याच नावाने ओळखला जायचा. आपल्या बाजारसमितीच्या नावाचा माल सातासमुद्रापार विकला जात होता हे ऐकल्यावर कापूसवेचणीला जाणाऱ्या आईच्या पोराची मान ताठ होते. मला तरी इतिहास शिकवण्याचं याहून मोठं कारण माहीत नाही.

गणिताला विसरू नका. २०११ च्या जनगणनेची अमरावती जिल्हा पुस्तिका आहे, ‘डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक’. तिच्यात गावोगावचे आकडे आहेत, लोकसंख्या, घरं, सोयी. टक्केवारीचं उदाहरण ‘एका गावात ५००० लोक राहतात’ असं कशाला? पोरांच्या गावाचं नाव घाला, शेजारच्या गावाचं घाला, तुलना करायला लावा. आकडे जुने झालेत ही अडचण वाटत असेल तर तोच पुढचा प्रश्न करा. आज किती असतील, अंदाज कसा बांधशील?

आता जे आपल्या घरचं आहे आणि आपणच उघडत नाही त्याबद्दल. बालभारती १९६७ पासून आहे. ई-बालभारतीवर तिची पुस्तकं फुकट मिळतात. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तर जिल्हावार निघत आलं आहे. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक पानन् पान पाहता येतात. वाचनाच्या तासाला आणखी काय हवं? मराठी विश्वकोशाचे वीस खंड आंतरजालावर आहेत. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेलं ते काम लोकांच्या पैशाने उभं राहिलं. प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर २०१५ पासून आहे. तिथे मराठी गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांवर लावलेल्या आहेत, आणि त्यांचा परवाना इतका मोकळा आहे की मूळ लेखक-चित्रकाराचं नाव देऊन त्या छापा, बदला, वऱ्हाडीत करा, कुणी अडवणार नाही. माझी आग्रहाची विनंती आहे, एक तरी गोष्ट वऱ्हाडीत करा. पहिलीच्या पोराला शाळेची भाषा आणि घरची भाषा यांमधली नदी ओलांडायला असा पूल लागतो.

विज्ञानासाठी अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ. काडेपेटी, सायकलची ट्यूब, स्ट्रॉ, जुनी चप्पल यांतून खेळणी आणि त्यांतून विज्ञान. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हे काम वाढलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही ढिगाने आहेत. ज्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे कुलूपबंद कपाट, तिथे याचं मोल वेगळं सांगायला नको. दुसरं, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं ‘फेट’. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलं. विद्युतमंडल, बल, अपूर्णांक, सगळं पडद्यावर हलवून पाहता येतं, आणि पुष्कळसं मराठीत झालेलं आहे. ते एकदा उतरवून ठेवलं की इंटरनेट नसतानाही चालतं. भारनियमनाच्या आणि गायब होणाऱ्या रेंजच्या गावात हा गुण सर्वांत आधी पाहावा.

व्हिडिओंचंही तेच. वर्गात बसून थेट लावू नका. मध्येच भलतीच जाहिरात लागते आणि चाळीस पोरं ती पाठ करतात. आधी घरी शेवटपर्यंत बघा. शोधताना कालावधीची गाळणी लावा, छोटा व्हिडिओ निवडा.

जुन्या मराठी कागदांची एक गोम ठाऊक असू द्या. वर्षानुवर्षं आपल्याकडे मराठी कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांमध्ये टंकलं गेलं. कागदावर ते मराठी दिसतं, शोधयंत्राला ते निरर्थक इंग्रजी अक्षरांचं जाळं वाटतं. कितीतरी चांगल्या प्रश्नपत्रिका, उपक्रमांच्या पुस्तिका, प्रशिक्षणाची घटकसंच पुस्तकं अशी अडकून पडली आहेत. इंटरनेटवर असून नसल्यासारखी. तुमच्या हाती असा कागद आला तर त्याचा स्वच्छ फोटो काढा, गूगल ड्राइव्हवर चढवा, संगणकावर तो गूगल डॉक्समध्ये उघडा. फोटोखाली मजकूर युनिकोडमध्ये उमटतो. चुका दुरुस्त कराव्या लागतात, पण पुन्हा टंकण्यापेक्षा फार सोपं. आणि इथून पुढे जे काही लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्याला ते सापडेल.

सापडलेलं खरं की खोटं? इथे आपण फार ढिले आहोत. गाडगेबाबा आपल्या जिल्ह्याचे. शेंडगावला २३ फेब्रुवारी १८७६ ला जन्मले, २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ गेले, आणि पूर्णेकाठचं ऋणमोचन तर याच तालुक्यातलं. जयंतीला फळ्यावर त्यांच्या नावाने जे सुविचार लिहिले जातात ते त्यांनी म्हटले होते का? तो सुविचार अवतरणचिन्हांत टाकून शोधा. नुसती शुभेच्छाचित्रं दिसली आणि एकही पुस्तक, एकही कीर्तनाची नोंद मिळाली नाही, तर तो फळ्यावर लिहू नका. विश्वकोशात शोधताना ‘गाडगे महाराज’ असं टाका, ‘डेबूजी झिंगराजी जानोरकर’ही टाकून पाहा. नाव बदललं की वेगळी पानं निघतात. ज्या माणसाने आयुष्यभर बुवाबाजीवर झाडू फिरवला, त्याच्या तोंडी खोटी वाक्यं घालणं हा त्याचा अपमान आहे.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या शासन निर्णयांनाही हीच चाळणी लावा. प्रत्येक निर्णयावर सांकेतांक असतो. तो आकडा राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाका. तिथे निर्णय मिळाला तर पुढे पाठवा, नाही मिळाला तर गटावर तसं स्पष्ट लिहा. आणि आजकाल निकालांच्या डोक्यावर यंत्राने जुळवलेला जो सारांश येतो, त्यावर थांबू नका. तो बरोबर माहिती ज्या ठामपणे देतो त्याच ठामपणे चुकीचीही देतो. खाली उतरा, मूळ पान उघडा, कुणी लिहिलं आणि कधी लिहिलं ते बघा.

हक्कांबद्दल थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वर्गात शिकवताना शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला नक्कल वापरायची मोकळीक देतं. वर्गातला तक्ता निर्धास्त लावा. पण तेच चित्र स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर चढवायचं तर गोष्ट वेगळी. तिथे चित्रं शोधताना ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ची गाळणी लावा आणि काढणाऱ्याचं नाव लिहा. दुसऱ्या शिक्षकाच्या टाचणावरचं त्याचं नाव खोडून आपलं घालणं मात्र चोरीच आहे. हे आपल्या गटांमध्ये राजरोस चालतं आणि त्यावर कुणी बोलत नाही.

इतकं सगळं करूनही भातकुलीबद्दल पुष्कळ काही सापडणार नाही. ऋणमोचनची पौषातली यात्रा पोरांच्या डोळ्यांनी कशी दिसते, गाडगेबाबांनी बांधलेला घाट आज कसा आहे, कोणत्या गावात गोड पाण्याची एखादी विहीर होती आणि बायका किती लांबून तिथे यायच्या, आजोबांच्या काळी खारपाणपट्ट्यात कोणता हरभरा पेरायचे. हे कुणी लिहिलेलंच नाही, तर शोधून मिळणार कुठून? सातवी-आठवीच्या पोरांना वही-पेन देऊन म्हाताऱ्यांकडे पाठवा. आलेलं तपासा, युनिकोडमध्ये टंका, ज्याला छापील आधार मिळेल ते मराठी विकिपीडियावर घाला, बाकीचं शाळेच्या पानावर ठेवा. पुढच्या वर्षी दर्यापूरच्या एखाद्या मॅडम ‘खारपाणपट्टा गोड विहीर’ असं शोधतील तेव्हा त्यांना तुमच्या पोरांनी लिहिलेलं मिळू दे.

माझी मागणी केंद्रप्रमुखांकडे आणि गटसाधन केंद्राकडे आहे. पुढच्या शिक्षण परिषदेत एक तास फक्त शोधण्याला द्या. भाषण नको, पीपीटी नको. प्रत्येक शाळेने पोरांनी विचारलेला, पुस्तकात उत्तर नसलेला एक प्रश्न घेऊन यावं. प्रोजेक्टर लावा, चार-पाच प्रश्न सगळ्यांदेखत शोधा. कोणता शब्द चालला, कोणता फसला ते फळ्यावर लिहा आणि त्याची यादी तालुक्यातल्या सगळ्या शाळांना पाठवा. ज्या शाळेत एकच शिक्षक आहे त्याला त्या दिवशी बदली माणूस द्या, म्हणजे तोही येईल. आणि त्या तासाभरात कुणाकडूनही ‘तात्काळ’ माहिती मागवू नका.